नेटला ऊन लागतं तेव्हा

अकोल्याच्या आमच्या ऑफिसात नेट गेलं की सगळे माझ्याकडे बघायचे. मी काही त्यातलं शिकलेली नव्हे. माती तपासणीचं छोटंसं ऑफिस, त्यात मी कारकून. पण रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी नेटचा डबा बंद करून परत चालू केला आणि गेलेलं नेट आलं, तेवढ्या भांडवलावर माझी डॉक्टरकी पक्की झाली. मग प्रिंटर माझ्याकडे, साहेबांचा मोबाइल माझ्याकडे, आणि एकदा तर बडेबाबूंच्या स्कूटरचा हॉर्नही माझ्याचकडे आला. तोही मी बंद करून चालू केला. तो नाही आला.

ऑफिसात आम्ही चौघं. साहेब पुण्याकडचे, पंखा लावा एवढं सांगायलाही त्यांना तीन मऊ वाक्यं लागायची. बडेबाबू, म्हणजे आमचे हेडक्लार्क, अस्सल वऱ्हाडी, निवृत्तीला टेकलेले. त्यांनी साधं 'चहा घ्या' म्हटलं तरी साहेबांना आपलं काहीतरी चुकलंय असं वाटायचं. शिपाई म्हणून मावशी. आणि मी.

माझं घर अमरावतीला. नवरा तिथल्या नोकरीत, सासूबाई घरी, आणि मुलगी पहिलीत. मी अकोल्यात एका खोलीत राहायचे, शनिवारी संध्याकाळी घर गाठायचे आणि सोमवारी पहाटे पोरगी झोपेत असतानाच निघायचे. मधल्या दिवसांत रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल. तोही धड चालेल तर शपथ. माझा चेहरा तिच्या पडद्यावर थिजायचा, तोंड अर्धं उघडं, एक डोळा मिटलेला. मग ती आत ओरडून सांगायची, "आजी, आई अडकली." गंमत अशी की मला ती नीट दिसत असायची. थोडा वेळ ती माझ्याकडे टक लावून बघायची, मग फोन गादीवर टाकून खेळायला जायची. मी बराच वेळ छताचा पंखा बघत बसायचे. सांगायला लाज कसली, रडू यायचं.

त्या मे महिन्यात नवरा-बायकोला एका गावात आणण्याच्या बदल्यांचे अर्ज निघाले. अर्ज ऑनलाइन, आणि खात्याची साइट फक्त ऑफिसच्याच नेटवर उघडायची; मोबाइलचं नेट तिला चालत नसे. नवऱ्याच्या ऑफिसातला दाखला यायला इतका उशीर झाला की माझ्या हाती शेवटचा दिवस उरला. पाच वाजता अर्ज घेणं बंद. ही संधी गेली तर पोरगी किती मोठी झाल्यावर पुढची येईल, कोण जाणे.

नेटची तर उन्हाळा लागल्यापासूनच तब्येत बिघडलेली होती. दिवसभर नसायचं, दुपारी जेवणाच्या सुमारास तासभर यायचं आणि पुन्हा गुल. यावर ऑफिसात तीन मतं होती. साहेबांचं म्हणणं, वरूनच काहीतरी असावं. बडेबाबूंचं म्हणणं, साऱ्या अकोल्याचे कूलर एकदम चालतात, लाइनीवर लोड येतो. मावशींना दोन्ही मान्य नव्हती. त्यांचं निदान सरळ होतं, नेटला ऊन लागतं.

म्हणून शेवटच्या दिवशी मी धीर धरून होते. जेवणाच्या वेळी नेट येईल, तेव्हा अर्ज भरू. दाखला स्कॅन करून ठेवला, फोटो ठेवला, जेवणाचा डबा न उघडता पडद्यासमोर बसले. आणि त्या दिवशी नेमकं नेट आलंच नाही.

मग मी माझी सगळी विद्या पणाला लावली. डबा बंद-चालू केला. कॉम्प्युटर बंद-चालू केला. दोन्ही एकदम केले. डब्यातून कॉम्प्युटरला येणारी छोटी वायर बदलली, तिची टोकं फुंकली, साडीच्या पदराने पुसली. नेटवाल्याला फोन लावला तर तो तिवश्याला कुणाच्या तरी लाइनीवर चढलेला होता, उद्या येतो म्हणाला. शेवटी स्टुलावर चढून डबा भिंतीवरून काढायला गेले, तर त्याच्यामागे हाताला काहीतरी गोल लागलं. कांदा होता.

मी काही विचारायच्या आतच मावशी म्हणाल्या, "मीच ठेवला. माणसाले ऊन लागते तं डब्ब्याले काहून नाही लागनार? किती तापते तो."

ऊन लागू नये म्हणून बाहेर निघताना खिशात कांदा आम्ही सगळेच ठेवतो. बडेबाबूंच्या शर्टच्या खिशात त्या क्षणीही होता. त्यामुळे मावशींना हसायचं कुणाला तोंड नव्हतं. साहेब तेवढे कांद्याकडे आणि डब्याकडे आळीपाळीने बघत राहिले. कांदा निर्दोष होता, कोरडाठाक. काढला तरी नेट आलं नाही. मावशींनी तो उचलून माझ्या टेबलावर ठेवला, कदाचित आता मलाच गरज आहे असं त्यांना वाटलं असेल.

साडेतीन वाजले. डब्यावरचा, बाहेरून येणाऱ्या लाइनीचा हिरवा दिवा मेलेला. मी कपाळाला हात लावून त्या दिव्याकडे बघत बसले. साहेबांना गरम होत होतं. खिडकीजवळचा कूलर थोडा आपल्या केबिनच्या दाराकडे वळवावा म्हणून त्यांनी तो दोन्ही हातांनी ओढला, कूलर तसूभर कलला आणि हिरवा दिवा लुकलुकला. मी ओरडले, "साहेब!" ते दचकले. आपण बाईमाणसाचा वारा पळवतोय म्हणून ही चिडली, असा त्यांचा समज झाला. सॉरी म्हणून त्यांनी कूलर सोडला आणि चार पावलं मागे सरले. दिवा विझला.

"सोडू नका," मी म्हटलं. "ओढा, अजून ओढा."

त्यांनी ओढला. दिवा लागला. सोडला, विझला. आता मी जमिनीवर लोटांगण घातलं. बाहेरची वायर खिडकीखालच्या भोकातून आत येत होती आणि पुढे पोत्याखाली गायब होत होती. पाय अडकून कुणी पडू नये म्हणून हिवाळ्यात बडेबाबूंनीच ते पोतं वायरीवर छान अंथरून दिलं होतं. उन्हाळ्यात कूलर आला, त्याचा लोखंडी स्टँड त्याच पोत्यावर मांडला गेला, आणि एक पाय बरोबर वायरीवर बसला. टाकी भरली की कूलर जड व्हायचा, वायर दबायची. दुपारपर्यंत पाणी उतरलं की वायर सुटायची, नेट यायचं. मग मावशी पुन्हा टाकी भरायच्या. आणि त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी नळ आला होता, तर त्यांनी आमच्या मायेपोटी टाकी सकाळपासून उतरूच दिली नव्हती.

भरलेला कूलर चौघांच्याने उचलेना. कलता धरून ठेवावा तर दिवा टिकेना, आणखी ओढावा तर वायरच तुटायची भीती. पाणी सोडायची तळाची तोटी बडेबाबूंनी यंदा स्टँडबरोबर रंगवून काढली होती. ती रंगाने अशी बसली की पकडीलाही दाद देईना. राहिला एकच मार्ग, उपसायचं. मी पहिला मग भरला आणि खिडकीबाहेर फेकायला हात उगारला. बडेबाबूंनी तो वरच्यावर धरला.

"पानी फेकाचं नाही," ते म्हणाले.

चार वाजून गेले होते. माझा संसार त्या टाकीत अडकला होता. पण अकोल्यात राहिलेल्या माणसाला मे महिन्यात पाणी फेकता येत नाही, आणि खरं सांगायचं तर माझाही हात अडखळलाच होता. मग भांड्यांचा शोध सुरू झाला. बादली भरली, घागर भरली, मावशींचं फरशी पुसायचं घमेलं भरलं. टाकी अर्धीही झाली नाही. मग प्रयोगशाळेतली काचेची भांडी आली. जिथे पातूर-बाळापूरची माती विरघळायची तिथे कूलरचं पाणी विराजमान झालं. मग चौघांचे जेवणाचे डबे. माझी पोळीभाजी कागदावर काढून ठेवली. साहेबांनी आपणहून थर्मास आणून दिला आणि बाह्या सरसावून स्वतः टाकीत मग बुडवायला लागले. सगळे कोपरापर्यंत भिजलो, फरशीवर चिखल, टेबलांवर, कपाटांवर, खिडकीत जिकडेतिकडे भरलेली भांडी.

उपसता उपसता बडेबाबू एकदम थांबले. साहेबांना म्हणाले, "पायजा साहेब, आपल्याच हातानं आपुन आपलं नेट अमरावतीले धाडून राहिलो."

साहेबांचा मग हवेतच राहिला. मीही थांबले. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं की या तिघांना मी हवी होते. शेवटी बडेबाबूंनीच आपला मग टाकीत बुडवला आणि मावशींना म्हणाले, "त्या बाटल्या आना व. लेकरू वाट पाहून राहिलं तिचं."

टाकी हलकी झाली. चौघांनी मिळून स्टँडचा पाय उचलला, मी वायर ओढून घेतली, हिरवा दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. ओल्या हातांनी मी अर्ज भरला. साइट दोनदा फिरत राहिली, तेव्हा मावशींनी टेबलावरचा कांदा हळूच कॉम्प्युटरला टेकवला. कुणी हसलं नाही. पाचला काही मिनिटं असताना अर्ज गेला. रिकाम्या कूलरमधून भट्टीसारखी हवा येत होती आणि साहेब तिच्यासमोर शांतपणे उभे राहून शर्ट वाळवत होते.

बदली झाली. निरोपाच्या दिवशी बडेबाबूंनी बॅग गाडीपर्यंत आणून दिली. मावशींनी वाटेसाठी कांदा दिला.

अमरावतीला आल्यावर थोड्याच दिवसांत, संध्याकाळी जेवताना अकोल्याहून फोन आला. नेट गेलं होतं. डबा बंद करून चालू करा म्हटलं. बडेबाबू म्हणाले, केला. मग कूलर बघा म्हटलं. तोही पाहिला होता. मी आणखी काही सुचवण्याआधीच ते म्हणाले, "राहू द्या, उद्या येते तो नेटवाला. तुमी जेवा." फोन ठेवला आणि मी घास हातात धरून तशीच बसून राहिले. ती भिजलेली फरशी आठवत होती, थर्मास घेऊन उभे असलेले साहेब आठवत होते.

समोर बसलेली मुलगी जेवण थांबवून माझ्याकडे बघायला लागली. बराच वेळ बघितलं. मग उठून माझ्याजवळ आली, खरकट्या बोटाने माझा गाल दाबून पाहिला आणि विचारलं, "आई, अडकली का?"

"नाही," मी म्हटलं. "आहे इथंच."

खात्री पटल्यावर ती परत जागेवर जाऊन जेवायला बसली.