इटियाडोहावर बोकडाची सवारी

आमच्या देवरीपासून समुद्र इतका लांब, की गावातले बरेच जण तो न पाहताच वर जातात. मी तो एकदा पाहिला. नणंदेच्या मुलीच्या लग्नासाठी कोकणात गेले होते, तिथं तासभर कयाक चालवली. कयाक म्हणजे एका माणसाची लांबट, अरुंद नाव. वल्हं आपल्याच हातात. त्या तासाभरात "याच्यात दुसरा रंग दाखवा" असं मला कोणी म्हणालं नाही. आमचं साड्यांचं दुकान आहे. ज्यांचं दुकान आहे त्यांनाच कळेल हे सुख काय असतं.

परत आल्यावर मी हवा भरायची कयाक मागवली. घडी घातली की पाठीवर मावते. दिवाणखान्यात ती फुगवून पाहिली तेव्हा सासूबाई बराच वेळ निरखत होत्या. शेवटी म्हणाल्या, "गादी चांगली आहे, पण मध्येच खड्डा काऊन ठेवला?"

नवरा म्हणाला, "देवरीत समुद्र कुठं आहे?"

"इटियाडोह आहे ना."

"तो डॅम आहे."

"पाणीच आहे ना त्यात?"

धान निघून गेलं होतं, लग्नसराईची गर्दी अजून सुरू व्हायची होती. एका सकाळी मी कयाक स्कूटीवर बांधली आणि निघाले. बेत साधा होता: काठाकाठानं दुपारपर्यंत वल्हवत जायचं, मग हवा काढून कयाक पाठीवर टाकायची आणि तोच काठ पायी चालत परत यायचं. सोबत कोणी नको, बोलणं नको.

पहिला टप्पा फारच सुंदर झाला. पाणी थंड, सपाट. पलीकडे जंगलाच्या टेकड्या. बगळे माझ्याकडे पाहून उडायचेसुद्धा नाहीत, इतकी मी त्यांना किरकोळ वाटले. आपण फार मोठं काही करतोय असं मला वाटायला लागलं आणि तेवढ्यात काठावरून हाक आली.

"वो बाई! वो टूबवाली बाई! इकडं ये!"

काठावर एक म्हातारी उभी होती. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हातात काठी. मी जवळ गेले. तिनं काठीनं पाण्यातल्या एका टेकाडाकडे दाखवलं. चारी बाजूंनी पाणी, वर दोनचार झुडपं आणि त्यांच्यात एक काळा बोकड.

"माहा बोकड्या हाय. कुत्रे मांगं लागले, तं पाण्यात उडी मारून गेला तिकडं. आता येऊन नाई राहिला. डोंगेवाले सारे बजारात गेले. तू आन त्याले."

"त्याला पोहता येते ना, मग परत येत काऊन नाही?"

"तो का मले सांगून गेला?"

मी गेले. बोकड आधी मला पाहून झुडपाच्या मागं गेला. मी डबा उघडला. मेथीचे पराठे आणि बटाट्याची भाजी होती. तो आला, पराठे खाल्ले, भाजी खाल्ली, डब्याखालचा पेपरही खाल्ला. तो पेपर चघळत असतानाच मी ओढणीनं त्याचे पाय बांधले आणि कवेत घेऊन त्याला कयाकमध्ये घातलं. त्यानं ताबडतोब माझ्या मांडीवर मुतून प्रवासाचा शुभारंभ केला.

अर्ध्या वाटेत त्याचा एक पाय सुटला. त्यानं तो जोरात झाडला आणि डाव्या बाजूनं आवाज आला: फुस्स. कयाकच्या दोन्ही कडांत हवा वेगवेगळी भरलेली असते, म्हणून आम्ही बुडालो नाही, पण डावीकडे कलायला लागलो. मी जीव खाऊन वल्हवत होते, नाव गोल फिरत होती आणि बोकड माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर मान उंचावून माझ्याच तोंडात ओरडत होता. काठावरून म्हातारी ओरडत होती, "सोडजो नोको व! बोकड्याले धर! नाव गेली तं जाऊ दे!"

नाव माझी होती. पण हे तिला सांगायला दम उरला नव्हता.

शेवटी वल्ह्याला चिखल लागला. मी उतरले आणि मांडीभर गाळातून दोघांना, म्हणजे नाव आणि बोकडाला, ओढत काठावर आणलं. म्हातारीनं माझ्याकडे पाहिलंच नाही. तिनं बोकडाचे कान पाहिले, खूर पाहिले, पोट चाचपलं.

"याचं पोट काऊन फुगलं?"

"माझा डबा खाल्ला त्यानं."

"तेल लय टाकतेस का?"

मी खाली बसले. तिनं बोकडाच्या पाठीवरून मायेनं हात फिरवला आणि म्हणाली, "बरं झालं माय. इतवारी नवस फेडाचा हाय. लेकाचं घर झालं. याच्याच पायी जीव टांगला होता."

"म्हणजे मी याला कापायला आणलं?"

"मंग का पुजाले आणलं?"

परतीची वाट तिच्या गावावरूनच जात होती. ज्या एकांताच्या पायपिटीसाठी मी एवढी तयारी केली होती, ती म्हातारी आणि बोकडासोबत झाली. माझ्या पाठीवर ओली कयाक, अंगाला बोकडाचा वास, पुढं धान कापलेल्या बांद्या, म्हणजे भाताची खाचरं. म्हातारी क्षणभर गप्प बसली नाही.

"नवऱ्यासंग भांडून आली का?"

"नाही."

"मारते?"

"नाही हो!"

"मंग एकटी कायले फिरून राहिली?"

"आवडते म्हणून."

तिनं बोकडाला काठीनं पुढं ढकललं आणि म्हणाली, "समजलं. घरात माणसं लय आहेत."

मला इतकं हसू आलं, की बोकडही दचकला. तिच्या घराशी तिनं काळा चहा पाजला आणि इतवारी जेवायला यायचं फर्मान काढलं.

कयाकची कड सायकलच्या दुकानात जोडून घेतली. इतवारी जावं की नाही यावर मी दोन रात्री गांभीर्यानं विचार केला. ज्याला डबा भरवला, ज्याला छातीशी धरून पाणी पार केलं, त्याला खायचं कसं? मग गेले. नव्या घराच्या अंगणात पंगत बसली होती. म्हातारीनं सगळ्यांना सांगितलं, "बोकड्याले बसवून आनलं तेच हे बाई," आणि माझ्या पत्रावळीवर तर्रीदार रस्सा वाढला. पहिल्या घासाला जरा अडखळले. दुसऱ्याला नाही. झणझणीत झाला होता.

जेवणं झाल्यावर म्हातारी हात पुसत स्कूटीजवळ आली. कयाक बांधलेली होती, कारण परतताना थोडं पाण्यात जायचा माझा विचार होता.

"मले बसव."

"तुम्हाला? भीती नाही वाटत?"

"बोकड्याले नाई वाटली."

तिच्या सुना नको नको म्हणत मागं धावल्या. तिनं कोणाचं ऐकलं नाही. काठावर हवा भरली, तिला माझ्या पुढं दाटीवाटीनं बसवलं. तिनं दोन्ही हातांनी कडा धरल्या, पदर दातांत धरला. मी आपली काठाला चिकटून, हळूहळू वल्हवत होते. ती मान वळवून माझ्यावर खेकसली, "काठाकाठानं कायले जाऊन राहिली? अंदर घे!"

मी नाव आत घेतली.