डॉक्टरांच्या भिंतीवरचे दारुडे

बर्मिंगहॅममधल्या एका डॉक्टरांच्या आईचं सहस्रचंद्रदर्शन होतं. कॉव्हेंट्रीहून मी, माझा धाकटा भाऊ आणि भावजय गेलो होतो. भाऊ कार फॅक्टरीत कामाला. त्याने दारू सोडली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच अटीवर भावजय माहेराहून परत आली होती. पुन्हा वास आला तर कायमची जाईन, असं तिने माझ्यासमोर बजावलं होतं. त्यामुळे पार्टी म्हटली की माझा जीव टांगणीला.

आपल्या पार्ट्यांची रीत ठरलेली. वडीलधाऱ्यांसमोर प्यायची नाही. म्हणून व्हिस्की गॅरेजमध्ये, आणि घरात येताना ती स्टीलच्या पेल्यात, वर कोक ओतून. पोरांचा कोकही तसल्याच पेल्यांत. काय डोंबलाची अब्रू राखतात.

हॉलमध्ये डॉक्टरांनी हॉलंडहून आणलेली दोन विनोदी चित्रं होती, एकोणिसाव्या शतकातली. एकात उंची कोटातले बडे लोक टेबलाभोवती झिंगलेले. एक तर खुर्चीवरून घसरलाय आणि नोकर गुमान त्याचा ग्लास भरतोय. दुसऱ्यात गुत्त्याच्या दारात पडलेला मजूर, बायको त्याची बाही ओढतेय.

"ही मंडळी रंगात आलीयेत," डॉक्टर हातातला पेला हलवत समजावत होते, "आणि हा बेवडा. काय कॅरेक्टर पकडलंय बघा."

लोक हसले. भाऊ हसला नाही. माझं डोकं तापलं. दोन्ही चित्रांत नाकं सारखीच लाल, मग बेवडा एकटा मजूरच कसा?

तेवढ्यात आजींना, म्हणजे डॉक्टरांच्या आईला, ओवाळायला हाक आली. डॉक्टरांनी आपला पेला चित्राखालच्या टेबलावर ठेवला. मी बघत होते. ओवाळून झालं आणि भावाने नेमका तोच उचलला, कोक समजून. ओठांपर्यंत नेला आणि थबकला. वास आला असणार. पेला झटकन खाली घेतला, तशी थोडी व्हिस्की शर्टावर सांडली.

"अरेरे," डॉक्टर म्हणाले, "पुन्हा सुरू का रे?"

सगळे वळून बघू लागले. भावजयीने सोफ्यावरचा आपला कोट उचलला.

"डॉक्टर, पेला तुमचा आहे," मी म्हणाले. आवाज चढला होता, चढू दे. "तुम्हीच ठेवलात तिथे."

"ताई, रिलॅक्स. मी कोक घेत होतो."

पापणीसुद्धा हलली नाही माणसाची.

आजींनी हात पुढे केला. भावाने पेला त्यांना दिला. त्यांनी वास घेतला आणि पेला लेकासमोर धरला.

"घे. गॅरेजमधून आलास की तुझ्या तोंडाला हाच वास असतो. मी म्हातारी झालेय, नाक शाबूत आहे माझं."

डॉक्टरांनी पेला घेतला. मी मात्र भावजयीकडेच बघत होते. कोट हातात धरून ती भावासमोर गेली आणि सगळ्यांदेखत त्याच्या तोंडाचा वास घेतला. भाऊ शाळेतल्या पोरासारखा तोंड उघडून उभा राहिला.

तिने कोट सोफ्यावर ठेवला आणि त्याच्यासाठी पाणी आणायला गेली.