फळ्यावरची नावं

मी ऑफिसातून वर्गात परतले, तर मॉनिटर मुलीनं बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहून ठेवली होती. त्या नावांशेजारीच मी इतिहास शिकवू लागले. रशियावर तेव्हा मंगोल खानाची सत्ता होती आणि मॉस्को आडबाजूचं लहानसं संस्थान होतं. शेजारच्या त्वेर या रशियन संस्थानानं मंगोलांविरुद्ध बंड केलं, तेव्हा खानाची फौज घेऊन मॉस्कोचा राजाच त्वेरवर चालून गेला. खान खूश झाला, मॉस्को मोठं झालं.

"आपल्याच लोकांवर, बाई?" एकीनं विचारलं.

मी फळ्यावरच्या नावांकडे पाहिलं. चौथीत मीही मॉनिटर होते. माझ्या शेजारच्या सुमननं नुसती पेन्सिल मागितली होती, तरी मी तिचं नाव लिहिलं. ती तासभर अंगठे धरून उभी होती आणि आमच्या बाईंनी खडूची पेटी माझ्या हातात दिली.

तास संपला. मी नावं पुसली आणि सवयीनं खडूची पेटी मॉनिटरच्या हातात दिली.