फोनमधली पेटी

माझी धाकटी जाऊ फोनवर पेटी वाजवते. नुसती पेटीच नाही, बासरी, व्हायोलिन, आणि एक असा काहीतरी सूर की ऐकताना पोटात गुडगुडतं. सिंथेसायझरचं अ‍ॅप म्हणे. फुकटात मिळालं तिला. सातपूरला कारखान्याच्या ऑफिसात जाते, तर बसमध्ये कानात इअरफोन घालून शिकली. मला पेटी शिकायला क्लास लावावा लागला, तोही सासूबाईंनी अख्ख्या घराशी भांडून लावून दिला म्हणून. मग जळफळाट होणार नाही तर काय!

आमच्या कॉलनीतल्या भजनी मंडळात पेटी माझी. सासूबाई पुढे बसून गायच्या आणि मी त्यांच्या शेजारी. ती जागा माझी, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण गेली काही वर्षं त्या फक्त टाळ वाजवायच्या. विचारलं तर म्हणायच्या, "वय झालं गं, आवाज चढत नाही." मी शिकले ती काळी पाचमध्ये, म्हणजे सा तिथून धरायचा. दुसऱ्या पट्टीत माझी बोटं अडखळतात. त्यामुळे सगळं मंडळच काळी पाचमध्ये गातं.

एकादशीच्या तोंडावर पेटीचा भाता फाटला. दुरुस्तीला टाकली. मी म्हटलं, या वेळी नुसत्या टाळांवर भागवू. तर धाकटी म्हणते, "ताई, माझ्या फोनवर आहे ना!" झालं, सगळ्या बायका "अगं बाई, खरंच?" करत तिच्याभोवती गोळा. मेल्या कुठल्या!

देवळात तिने फोन मांडीवर घेतला, स्पीकर जोडला आणि बसली कुठे, तर माझ्या जागेवर. देवा, हिचं चार्जिंग संपू दे, कुणाचा तरी फोन येऊ दे, असं मी मनात घोकत होते. कसलं काय! उलट दुसऱ्या अभंगाआधी ती सासूबाईंकडे वळून म्हणाली, "आई, तुम्ही म्हणा ना एखादा."

"माझा आवाज नाही जात एवढा वर," त्या म्हणाल्या. "जरा खाली घेशील?"

तिने एक बटण टकटक दाबलं. बोटं होती तिथेच, सूर तेवढा खाली आला. आणि सासूबाई गायल्या. आवाज थोडा खरखरीत, पण काय गायल्या म्हणून सांगू! पुजारी प्रसादाचं ताट घेऊन तसेच उभे राहिले. मला रडू आलं आणि रागही आला.

दुसऱ्या दिवशी त्या मेथी निवडत होत्या. मला राहवेना. "आई, मला का नाही कधी म्हणालात, खाली घे म्हणून?"

"तुला जमलं नसतं गं," त्या म्हणाल्या. "उगाच चारचौघींत तुझी पंचाईत. म्हटलं, आपण गप्प बसावं."

म्हणजे माझी लाज राखायला त्यांनी गाणं सोडलं होतं. दुसरी एखादी विरघळली असती. माझ्या डोक्यात मात्र एवढंच, की धाकटीला त्यांनी पहिल्याच दिवशी हक्काने सांगितलं.

पेटी दुरुस्त होऊन आली, तशी मी खोलीत बसून काळी तीन, म्हणजे आईंना झेपेल अशी खालची पट्टी, धरली. बोटं सारखी चुकत होती. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा चूक. तरी नेटाने बसले होते. तेवढ्यात सासूबाई दारात आल्या. थोडा वेळ ऐकलं आणि अगदी मायेने म्हणाल्या, "कशाला एवढा त्रास करून घेतेस? आता धाकटी आहे ना."