दवाखान्याच्या बसची दुसरी बॅटरी

सिस्टर, एखादा किस्सा सांगा, म्हणता. एखादा कसा सांगणार? आमच्या फिरत्या दवाखान्यातली औषधं संपायची, किस्से कधी संपले नाहीत. आणि निम्म्या किश्शांचं मूळ एकच. बॅटरी!

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापूरच्या एका ट्रस्टने मोडीत निघालेली बस घेतली. बाकडी काढून आत तपासायचं टेबल, औषधांचं कपाट, दिवे, पंखा आणि टपावर भोंगा बसवला. गाडीवर आम्ही तिघं: डॉक्टर, मी नर्स आणि अक्कलकोटकडचा ड्रायव्हर शिवाप्पा. पण सगळा कारभार गाडीच्या एकाच बॅटरीवर! शेवटचा पेशंट होईपर्यंत ती उतरायची आणि गाडी ढिम्म. मग पेशंटच गाडी ढकलायचे.

करमाळ्याजवळ एका आजोबांना डॉक्टरांनी बजावलं, "छातीचं दुखणं आहे, जड काम बंद!" थोड्या वेळाने बघतो तर आजोबाच बसला खांदा लावून उभे! डॉक्टर ओरडले. आजोबा म्हणाले, "तुमी गेल्याबिगर आराम कसा करू?"

*

शेवटी गाडी रझाकभाई इलेक्ट्रिशियनकडे नेली. त्यांनी सगळ्या वायरी उपसून नव्याने टाकल्या आणि तपासायच्या टेबलाखाली दुसरी बॅटरी बसवली. "ये इंजन की, ये घर की. दिवे, पंखा, भोंगा घर की बॅटरी पे. गाडी चालू तो खटका नीचे, दोनों चार्ज होते. गाडी बंद तो खटका उपर, दोनों अलग. भूलना नै!"

"ल्हान पोर हाय का मी?" शिवाप्पा फणकारला.

पहिल्याच गावात खटका वर करायला विसरला. संध्याकाळी दिवे गेले, पंखा थांबला आणि गाडीही हलेना. डॉक्टर कपाळाला हात लावून पायरीवर बसले. "पूर्वी एक बॅटरी उतरायची. आता दोन उतरतात!"

*

घरची बॅटरी आली आणि भोंगा दिवसभर चालायला लागला. एका गावात सरपंचांना आत घेऊन डॉक्टरांनी हळूच विचारलं, "पोट साफ होतं का?" भोंग्याचा माईक चालूच राहिलेला! प्रश्न अख्ख्या गावाला ऐकू गेला. सरपंच लाजून टोपी चाचपायला लागले.

बाहेरून आवाज आला, "सांगा की सरपंच, आमी बी ऐकतोय!"

*

रझाकभाईंनी बजावलं होतं, बॅटरीत साधं पाणी घालायचं नाही, डिस्टिल्ड लागतं. अकलूजच्या अलीकडे एका वस्तीवर तापाचे पेशंट रांगेत उभे. इंजेक्शनची पावडर कालवायला मी खोका उघडला, तर डिस्टिल्ड वॉटरची एकही कुपी नाही! टेबलाखाली फुटक्या काचांचा ढीग, आणि शिवाप्पा बॅटरीची झाकणं फिरवतोय.

"अरे, काय केलंस हे?"

"तुमीच म्हणालात की ओ, यापरास शुद्ध पाणी न्हाय!"

मला रडूच यायचं बाकी होतं. डॉक्टरांनी एकदा रांगेकडे पाहिलं, एकदा बॅटरीकडे. म्हणाले, "सिस्टर, हिचा केसपेपर काढा."

*

आणि कुर्डुवाडीच्या रस्त्यावरचं ते बाळंतपण. एका वस्तीवरची पहिलटकरीण, मूल अडलेलं. तिला आणि तिच्या सासूला घेऊन आम्ही हॉस्पिटलकडे निघालो. दिवस मावळता मावळता गाडी बंद पडली. खटका वर करून किल्ली फिरवली तर नुसती टक्‌टक्. इंजिनची बॅटरी संपलेली.

शिवाप्पा धावत मागे आला. "घरची जोडून बगू का? लागली तर लागली, न्हायतर दिवे बी जातील."

डॉक्टरांनी पोरीकडे पाहिलं. मूल पुढे सरकलं होतं, आता थांबणं नव्हतं. "खटक्याला हात लावायचा नाही! मला उजेड पाहिजे."

मग तिथेच, त्या दिव्याखाली. पोरीने माझं मनगट आवळून धरलं होतं. मूल बाहेर आलं, पण रडेना. डॉक्टर त्याची पाठ चोळत राहिले. मग एकदम असं किंचाळलं, की खाली उभ्या शिवाप्पाने रस्त्यावरच हात जोडले. सासूने दिवा, पंखा, बॅटरी, सगळ्यांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

पुढच्या खेपेला त्याच वाटेने गेलो. वस्तीवरच्या पाचसहा गरोदर बायका रस्त्याच्या कडेला बसलेल्या. गाडी थांबताच त्यातली एक पुढे आली, पदर सावरत मला म्हणाली,

"बाई, पुढल्या म्हैन्यात गाडी हितं कवा बंद पडणार हाय?"