पाटी उतरवली तो दिवस

अगं, उंबऱ्यावर काय बसतेस पाहुण्यासारखी, जवळ सरक. मागच्या खेपेस कॉफी अर्धी टाकून पळालीस. आणि आज आल्या आल्या विचारतेस काय, तर "आजी, आपण मराठी, मग दुकानाची पाटी तमिळ का?" मराठी होती गं. ऐक आता नीट.

दुकान कुंकू, चंदन, कापूर यांचं. खाली दुकान, वर आम्ही राहायचो. मी लहान असताना रस्त्यात झावळ्यांच्या मांडवाला आग लागली नि ओळीनं दुकानं जळाली. त्यानंतर सगळ्यांनी मिळून 'वणिगर संगम' काढला, म्हणजे व्यापाऱ्यांचा संघ. दारोदार वाळूच्या बादल्या आल्या, रात्रीचा राखणदार आला, झावळ्या बंद झाल्या. उन्हाळ्यात येणाऱ्या-जाणाऱ्याला ताक पाजायचं, तेही संघच बघे. भांडणंसुद्धा संघच मिटवी. आमच्या आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, नि समोरच्या कापूरवाल्याचं तेवढं मिटलं नाही. दोघंही तोच माल विकणारे, मिटणार कसं?

पुढे पासष्ट सालाच्या सुमारास इथे तमिळ मुलखात 'हिंदी नको' आंदोलन सुरू झालं. कॉलेजची मुलं डांबराचे डबे घेऊन हिंदी पाट्या पुसत फिरू लागली. भाषा त्यांची, राग त्यांचा, त्याला मी काय म्हणू. पण आमच्या पाटीवर माझ्या आजोबांनी कोरून घेतलेली मराठी अक्षरं, आणि हिंदीचीही अक्षरं तीच. स्टेशनाकडे काचा फुटल्याचं कळलं, तेव्हापासून आई सारखी खिडकीशी जायची. खाली डबेच्या डबे कापूर, वर आम्ही. एक जळता बोळा आत पडायचा अवकाश.

सकाळीच संघाचे अध्यक्ष आले. पितळेच्या भांड्यांचे व्यापारी, आमचे शेजारी.

"पाटी उतरवा, अय्या," ते आप्पांना आदरानं म्हणाले.

"ती मराठी आहे, हिंदी नाही," आप्पा म्हणाले.

"तुम्हाला ठाऊक, मला ठाऊक. डांबराच्या डब्याला कोण शिकवणार?"

"माझी एकट्याची उतरली तर रस्ता म्हणेल, हा भ्याला."

"भ्यालातच की. मीही भ्यालोय. माझी भिंत तुमच्या भिंतीला लागून आहे."

एवढं बोलून ते गेले. थोड्या वेळानं ठोकाठोक ऐकू आली. त्यांनी आधी स्वतःची पाटी काढली, मग शिंप्याची निघाली, मग पलीकडची. संघाचा निरोप फिरला होता, सगळ्यांनी उतरवायच्या. आप्पांनी शेवटी आपली काढली, वर आणली नि पलंगाखाली पालथी ठेवली.

दुपारी घोषणा ऐकू आल्या. आप्पा खाली फळ्या लावून वाळूची बादली घेऊन बसले. आई नि मी खिडकीच्या फटीशी. तिनं माझं मनगट असं आवळलं की हात बधिर झाला. घोळका आमच्याच दारात थांबला. भिंतीवर पाटीच्या जागी पांढरा चौकोन दिसत होता.

"हे कुणाचं दुकान?" डबेवाल्या मुलानं विचारलं.

विचारलं कुणाला, तर समोरच्या कापूरवाल्याला. एक शब्द बोलला असता तर संपलं होतं. त्यानं सावकाश तपकीर ओढली.

"संगमचं. इथली सगळी संगमचीच."

"पाट्या कुठायत?"

"रंगवायला काढल्यात. तुला येत असेल तर रंगव, डबा आहेच हातात."

मागे कुणीतरी हसलं. घोळका पुढे सरकला. आईनं माझं मनगट सोडलं.

संध्याकाळी आप्पांनी कापूरवाल्याकडे बघून मान हलवली. चार दिवसांनी भांडण पुन्हा सुरू.

सगळं शांत झाल्यावर पाट्या परत चढल्या. आप्पांनी मात्र नवी करून घेतली, नुसती तमिळ. कुणी सांगितलं नव्हतं. गिऱ्हाईक असलं की ते आम्हाला डोळ्यांनी गप्प करत. मराठी फक्त वर, नि तीही हळू. ते भय माझ्या अंगात इतकं मुरलंय की अजून रस्त्यात आरडाओरडा झाला की मी आधी खिडकी लावते, मग कळतं, लग्नाची वरात होती.

तू मराठी अडखळत बोलतेस, पण मोठ्यानं बोलतेस. मघाशी जिन्यातून हाक मारलीस तेव्हा मी आधी दचकले, आणि बरंही वाटलं. या घरात असं मराठी ऐकायची सवय व्हायला हवी मला. तेव्हा सुट्टीची वाट बघू नकोस, लवकर ये, नि राहायला ये.