सायाळीची माती

गावाच्या उगवतीला पांढरीचं टेकाड आहे. कुण्या काळी तिथं मोठं नगर होतं म्हणतात. नगर गेलं, पांढरी माती राहिली. त्या मातीची चूल तडकत नाही, हे ताडकळसच्या बाजारातही कुणीही सांगेल.

निजामाच्या राज्यात एकदा हैदराबादहून अंमलदार आला. टेकाडावर हिंडला, खापरं उलटीपालटी करून पाहिली आणि हुकूम देऊन गेला : इथं कुणी कुदळ मारायची नाही. राखणीला आश्रुबा नेमला. पट्टा मिळाला, पितळी बिल्ला मिळाला. त्या दिवशी आश्रुबाची मान जी ताठ झाली, ती दाराच्या चौकटीलाही वाकेना. कपाळावर टेंगूळ आलं, तरी वाकेना.

साहेब पुन्हा येणार, म्हणून तो घरातच सलाम घोटू लागला. टाचेला टाच भिडवायला मागं सरला, तो पाय थेट चुलीवर. चूल भुईसपाट.

बायको बायनाबाई काथवटीतलं पीठ तसंच टाकून उठली.

"टोपलं द्या. पांढरी आणते."

"हुकूम न्हाई, बायने."

"मग रानातली काळी आणू? तडकली की पेरा तिच्यात जवारी!"

तिनं अंगणात तीन दगड मांडले. वाऱ्यानं जाळ पळायचा. भाकर एकीकडून करपायची, एकीकडून कच्ची.

"खावा, शिपाईसायेब. करपली ती बाजू सरकारची, कच्ची ती तुमची."

टम्म फुगलेल्या भाकरीसाठी आश्रुबाचा जीव तळमळू लागला. पण बिल्लाही सोडवेना.

एका सकाळी टेकाडावर बघतो, तर सायाळीनं बीळ उकरून पांढऱ्या मातीचा ढीग बाहेर लोटलेला. वर तिचे दोन काटे.

आश्रुबा बिळाशी वाकून ओरडला, "कुणाच्या हुकमानं?"

 तो ढिगाभोवती फिरत राहिला. साहेब खोदू नका म्हणाले होते. उचलू नका, असं काही म्हणाले नव्हते. त्यानं बिल्ला काढून खिशात घातला, पटका सोडला आणि त्यात माती बांधून घरी आणली.

"चोराला धरलं का न्हाई?" सायाळीचं ऐकून बायनाबाईनं विचारलं.

"लय चपळ हाय. काटे तेवढे घावले."

चूल घातली, वाळली. पहिली भाकर फुगली तशी आश्रुबानं ताटली पुढं केली. बायनाबाईनं भाकर फडक्यात गुंडाळली.

"ही बिळाशी ठिवून या. पयली भाकर कमावणाराची."

शिपाई पट्टा घालून निघाला. वाटेत बाभळीआड त्यानं एक कड मोडून तोंडात टाकलीच. उरलेली भाकर बिळापुढं ठेवली. मग इकडंतिकडं बघितलं, दोन पावलं मागं सरला आणि टाचेला टाच भिडवली.